फ्रीमेसन लॉजने नवे सभासद कसे निवडावेत आणि कसे पारखावेत?

फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लॉजने, म्हणजे स्थानिक शाखेने, सभासद शोधताना जाहिरातीपेक्षा ओळखीवर आणि पारखताना मतपेटीपेक्षा आधीच्या भेटीगाठींवर भर द्यावा. फ्रीमेसन लॉजमध्ये अर्जदाराला सूचक व अनुमोदक लागतात आणि शेवटी पांढऱ्या (होकाराच्या) आणि काळ्या (नकाराच्या) गोळ्यांनी गुप्त मतदान होते. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या (तिथल्या लॉजांच्या मुख्य संस्थेच्या) नियमांनुसार तीन काळ्या गोळ्या पडल्या की अर्ज फेटाळला जातो. गोळी टाकणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही, त्यामुळे रास्त शंका कोणती आणि जुना आकस कोणता, हे पेटीला कळत नाही. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना भारतीय म्हणूनच प्रवेश नाकारला गेला, त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली आणि १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश फ्रीमेसनने भारतीयांना प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन केले. म्हणून सूचक नसलेल्या दोन सभासदांनी अर्जदाराच्या घरी जावे, त्याच्या पत्नीसमक्ष वर्गणीचा आकडा आणि महिन्यातल्या किती संध्याकाळी जातील हे सांगावे, आणि सभासद का व्हायचे हे त्याच्याच तोंडून ऐकावे. धंद्यातल्या ओळखींची चौकशी आधी करणाऱ्याला (असे बरेच येतात) वर्षभर थांबवावे. आक्षेप असलेल्या सभासदाने तो मतदानापूर्वीच खासगीत सांगावा. मात्र आपल्या ग्रँड लॉजची नियमावली आधी पाहावी, कारण अमेरिकेत अनेक ठिकाणी एकच काळी गोळी पुरेशी ठरते.