तळ्यातलं लाकूड पाच हजार वर्षं टिकतं का? टिकतं.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: झुरिकला दोनच दिवस असताना खांबांवरची अश्मयुगीन घरं बघायला जर्मनीत बोडन तळ्याकाठच्या उंटरऊल्डिंगेनला जावं का, आणि इतकं जुनं लाकूड खरं असतं का. दुसऱ्या प्रश्नावरून माझं आणि दादाचं वर्षभर बोलणं बंद होतं, म्हणून लिहितोय.

दादा इथे आला तेव्हा त्याला झुरिकच्या लांडेसम्युझिअममध्ये, म्हणजे राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. तिथला, तळ्यातून काढलेला खांब बघून म्हणाला, "आपल्या घरचे वासे चाळीस वर्षांत पोखरले आणि हे म्हणे पाच हजार! थापा आहेत." मला फार लागलं ते. पुढच्या वर्षी आबा आले. आबांनी जन्मभर सुतारकी केली. ते काचेला नाक लावून त्या खांबाचं टोक न्याहाळत राहिले. तासलेल्या टोकावर घाव एकाखाली एक उतरत गेलेले, रुंद आणि थोडे खोलगट. म्हणाले, "हत्याराला धार कमी, पण हात बसलेला आहे." दगडी कुऱ्हाडीचे घाव होते ते! मग म्हणाले, "विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालतात, ते कुजतं का? लाकूड कायम ओलं राहू दे, नाहीतर कायम कोरडं. ओल-सुक झाली की संपलं."

तळ्याच्या गाळात नेमकं हेच झालंय. हवा लागली नाही म्हणून खांबच काय, जाळी आणि विणलेलं कापडही राहिलं. झुरिकच्या ऑपेराजवळ पार्किंगसाठी खणताना २०१० मध्ये अख्खं दार निघालं. लाकडातली दरवर्षी एक वाढणारी वलयं जुळवून त्याचं साल काढलं, इ.स.पू. ३०६३च्या आसपासचं. वलयं थापा मारत नाहीत.

पाण्यावर मचाण बांधून राहणाऱ्या माणसांचं चित्र मात्र डोक्यातून काढा. १८५३-५४च्या हिवाळ्यात झुरिकचं तळं ओसरलं, काठावरच्या ओबरमाइलेनला खांब उघडे पडले आणि पुरातत्त्व अभ्यासक फर्डिनांड केलर यांनी तसं मांडलं. पुढच्या उत्खननांत दिसलं की बरीच घरं काठावरच्या दलदलीत होती, पाणी चढायचं म्हणून उंचावलेली. काही ठिकाणी खरंच पाण्यातही असतील, सगळीकडे एकच नियम नाही.

उंटरऊल्डिंगेनची घरं १९२२ पासून नव्याने बांधलेली आहेत. छान आहेत, मुलं बरोबर असतील तर जा. मूळ अवशेष बहुतेक पाण्याखाली किंवा जमिनीखालीच आहेत. युनेस्कोने २०११ मध्ये सहा देशांतली १११ ठिकाणं यादीत घेतली, पण काठावर उभं राहून तिथे काही दिसत नाही. दोनच दिवस असतील तर मी झुरिक सोडणार नाही.

आणि दादा, तू हे वाचशीलच. यंदा मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचाय. तळातली एक फळी वर घे आणि नख रुतवून बघ.