लॅपटॉपवर पास होणाऱ्या इंटरफेरोग्रामच्या (दोन रडार चित्रांमधल्या फेजचा, म्हणजे लहरीच्या कोनाचा, फरक दाखवणाऱ्या नकाशांच्या) टेस्ट सर्व्हरवर फेल होतात. टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, वाढवू का?

नाही, टॉलरन्सला इतक्यात हात लावू नका. तुम्ही म्हणता की चित्रं काढणारी मॅटप्लॉटलिब लायब्ररी अपडेट केल्यापासून पायटेस्ट-एमपीएल हे चित्रं जुन्या नमुन्यांशी ताडणारं साधन सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं नाकारतंय, आणि डोळ्यांना मात्र काहीच फरक दिसत नाही. मीही यात अडकलो होतो आणि टॉलरन्स २ वरून १५ वर नेला होता. टेस्ट हिरव्या झाल्या. पुढे दोन बर्स्टच्या (रडार चित्र ज्या तुकड्यांत येतं त्यांच्या) जोडावर फेजची बारीक उडी आली, तीही हिरवीच गेली. ते मला अजून सलतं.

आधी हिशेब बघा. तुलना होते ती पूर्ण चित्राच्या आरएमएस फरकाची, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाची. १०००×१००० पिक्सेलच्या चित्रात १०×१० चा तुकडा रंगाच्या २०० पातळ्यांनी चुकला, तरी आरएमएस येतो बरोबर २, म्हणजे डीफॉल्ट टॉलरन्सइतकाच. टेस्ट पास! उलट अक्षावरचे आकडे एका पिक्सेलने सरकले, तर तेवढ्यानेही ती फेल होऊ शकते.

म्हणून पहिल्यांदा फरकाचं चित्र उघडा. फक्त अक्षरं उजळलेली असतील तर दोष फॉन्टचा किंवा फ्रीटाइप या अक्षरं रेखणाऱ्या लायब्ररीच्या आवृत्तीचा. रिमूव्ह टेक्स्ट हा पर्याय चालू करा, शीर्षकं आणि अक्षावरचे आकडे तुलनेतून जातात. सगळ्या चित्रावर फिकट फरक पसरला असेल तर रंगपट्टीची मर्यादा आपोआप ठरत असणार. रडारची तीव्रता डेसिबलमध्ये बदलताना शून्य पिक्सेलचं उणे अनंत होतं, मर्यादा तुम्ही किमान आकड्यावरून काढत असाल तर त्यानेही घोळ होऊ शकतो. ते पिक्सेल आधी मास्क करा, म्हणजे झाकून वगळा, आणि दोन्ही मर्यादा कोडात लिहून टाका.

माझ्याकडे मात्र फ्रिंजच्या (फेजच्या एका पूर्ण फेरीच्या रंगीत पट्ट्याच्या) कडेने मुंग्यांची रांग चालावी तसे ठिपके होते. फेज उणे π पासून π पर्यंत गुंडाळलेली असते. ३.१४१ आणि उणे ३.१४१ हे जवळजवळ एकच कोन, पण व्हिरिडिस या नेहमीच्या रंगपट्टीत एक पिवळा आणि दुसरा जांभळा. एफएफटीची (फूरिये रूपांतराची) लायब्ररी बदलली, दशांशात कुठे तरी लांब फरक पडला, की काठावरचा पिक्सेल या टोकाचा त्या टोकाला जातो. ट्वायलाइटसारखी चक्राकार रंगपट्टी घेतली की हे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात, कारण तिची दोन्ही टोकं एकाच रंगाची आहेत.

पण खरी तपासणी चित्रावर सोडूच नका. जुनी आणि नवी फेज कॉम्प्लेक्स संख्येत बदला, एकीला दुसरीच्या कॉन्जुगेटने (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटवलेल्या संख्येने) गुणा आणि गुणाकाराचा कोन प्रत्येक पिक्सेलवर तपासा. इथे एक फ्रिंज म्हणजे उपग्रहाच्या दिशेने साधारण २.८ सेंटिमीटर सरकणं, त्यामुळे किती चूक चालेल हे तुम्हाला मिलिमीटरमध्ये ठरवता येतं. चित्राची टेस्ट फक्त आराखड्यासाठी ठेवा: अक्ष, रंगपट्टी, दिशा उलटी तर झाली नाही ना.

एवढं झालं की बेसलाइन चित्रं, म्हणजे तुलनेचे नमुने, सर्व्हरवरच्याच कंटेनरमध्ये नव्याने बनवा, लॅपटॉपवर नको, आणि त्यांचा कमिट वेगळा ठेवा. मग एका बर्स्टच्या फेजमध्ये मुद्दाम अर्धा रेडियन मिसळून टेस्ट चालवा. आकड्यांची टेस्ट लाल झालीच पाहिजे.