विनीअरला तडा जातो, भेग पडते की चीर?

प्रश्न आलाय की विनीअरचा, म्हणजे प्लायवर वगैरे चिकटवतात त्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, वाकडातिकडा ताव सपाट करताना उभा फुटला तर मराठीत काय म्हणायचं, तडा, भेग, चीर, की सरळ क्रॅक?

क्रॅकला माझी हरकत नाही, पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या भानगडी कोंबल्या जातात.

तडा 'जातो'. काचेला, कपाला, मडक्याला, म्हणजे कडक वस्तूला आणि बहुतेक वेळा तडकन आवाज होऊन. कोरडं विनीअर, त्यातून गाठीजवळचं लाटालाटांचं, तसंच फळीखाली दाबलं की होतं ते हेच. म्हणून आधी पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून दोन्ही बाजूंनी फवारायचं आणि ताव हाताला लवचिक लागेपर्यंत वजन ठेवायचं नाही.

भेग मात्र 'पडते' आणि ती वाळण्याची, जमिनीला पडते तशी, टाचांना पडते तशी. आवाज नाही काही नाही, सकाळी बघावं तर आहे. ओला ताव उघडा ठेवला की कडा आधी सुकून आकसतात, मधला भाग ओलाच असतो, मग टोकाकडून भेगा सुरू होतात, आणि लाकूड रेषांच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या, आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच, त्यामुळे भेग धावते रेषांच्याच दिशेने. दोन फळ्यांमध्ये कागद घालून दाबायचं ते याचसाठी, सावकाश सुकावं म्हणून, आणि कागद ओले झाले की बदलायचे. कोरेच घ्या हं, छापील नको, माझ्या एका फिक्कट तावावर उलटी अक्षरं उमटलीयेत.

चीर म्हणजे अजून तोंड न उघडलेली, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी बारीक रेघ. दुरुस्ती खरं तर इथेच करावी. गोंदवाली कागदी टेप ओली करून चिरेवर आडवी लावायची, वाळताना ती आकसते आणि चीर मिटवते. लावायची दर्शनी बाजूला, कारण मागे ग्लू लागणार. विनीअर चिकटून पक्कं झालं की टेप ओलसर करून खरवडायची. भेग रुंद असेल तर मात्र त्याच विनीअरची बारीक पट्टी रेषा जुळवून बसवावी लागते, भुसा-ग्लूचं लिंपण पॉलिशनंतर डागासारखं दिसतं.

'फाटलं' म्हणालात तरी चालेल, ताव जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, कागदासारखाच. 'सुटलं' मात्र वेगळं, ते चिकटवल्यानंतरचं दुखणं.