पोस्टडॉकला अर्ज करण्याआधी

पीएचडी ताऱ्यांवर केलीय, मग बाह्यग्रहांच्या (दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या) वातावरणाच्या मॉडेलिंगमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा, मिळेल का, असं तू विचारलंस. मिळू शकते. प्रारणवहनाचं, म्हणजे वायूतून प्रकाश कसा जातो याचं, गणित तुला येतं आणि या कामाचा कणा तोच आहे.

पण अर्जाआधी वास्प-३९बी हा एकच ग्रह घे आणि त्याचा वर्णपट स्वतः मॉडेल करून बघ. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची त्याची निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत. ४.३ मायक्रॉन तरंगलांबीजवळचा कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा लवकर जुळेल. ४.०५ जवळचा छोटा मात्र जुळणार नाही, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. तो सल्फर डायऑक्साइडचा. नुसता रासायनिक समतोल धरला तर हा वायू दिसण्याइतका तयारच होत नाही. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने पाण्याचे रेणू फुटतात, तेव्हा कुठे सल्फरला ऑक्सिजन मिळतो. हे स्वतः केलेला उमेदवार मुलाखतीत लगेच कळतो.

वर्णरेषांच्या, म्हणजे कोणता वायू कोणत्या तरंगलांबीला प्रकाश शोषतो याच्या, याद्या डोळे झाकून वापरू नकोस. हिट्रान ही यादी मुळात पृथ्वीच्या वातावरणासाठी. हजार केल्विनच्या ग्रहाला ती लावली तर असंख्य क्षीण रेषा सुटतात आणि वायू आहे त्यापेक्षा पारदर्शक दिसतो. तिथे एक्सोमोल ही उष्ण वायूंसाठीची यादी घे. माझे सुरुवातीचे चार महिने याच चुकीत गेले, म्हणून कळकळीने सांगतोय.

प्रस्तावात दहा ग्रह नकोत, एक प्रश्न हवा. करार बहुधा दोन-तीन वर्षांचाच असतो. आणि हो, ज्या संशोधन गटात अर्ज करशील त्यातून बाहेर पडलेल्यांशी आधी बोलून घे.