क्रूझचे भाडे भरल्यावरही येणारे बिल

प्रवासविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी क्रूझच्या खर्चाबद्दल होती आणि त्यांतही दोनच गोष्टींवर नाराजी दिसली: भाड्यावर लावली जाणारी ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची टिप) आणि पेयांचे वेगळे पैसे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

आमचा मुलगा टेक्सासमध्ये राहतो. आम्ही दोघे, मुलगा आणि सून असे चौघे गॅल्व्हस्टन बंदरातून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझला जाणार आहोत. आरक्षणाच्या पानावर भाडे आणि बंदराच्या करांखाली माणशी दररोज साडेअठरा डॉलर ग्रॅच्युइटी दाखवली आहे. टिप द्यायची की नाही हे आम्ही ठरवायला हवे. ती आधीच कशी लावता येते? (पुणे)

तुम्ही पाहिलेला दर रॉयल कॅरिबियन या कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये लागू केलेला आहे. साध्या केबिनसाठी तो माणशी दररोज 18.50 डॉलर आणि स्वीटसाठी (मोठ्या, आलिशान केबिनसाठी) 21 डॉलर आहे. तुमच्या चौघांचा सात रात्रींचा हिशेब 518 डॉलर होतो, म्हणजे डॉलर 85 रुपयांचा धरला तरी 44,030 रुपये. एवढी रक्कम वरखर्च म्हणून सोडून देण्याजोगी नाही, म्हणून दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करताना ती भाड्यात मिळवूनच करावी. जाहिरातीत स्वस्त दिसणारी क्रूझ अशा बेरजेनंतर पुष्कळदा स्वस्त राहत नाही.

ही रक्कम आपोआप लावण्यामागे कारण आहे. पूर्वी जहाजावर प्रत्येक कुटुंबाला रोज तेच टेबल आणि तोच वेटर मिळत असे, आणि शेवटच्या रात्री प्रवासी वेटरच्या, त्याच्या मदतनिसाच्या आणि केबिन सांभाळणाऱ्याच्या हातात वेगवेगळी पाकिटे देत. पुढे जहाजे मोठी झाली, उपाहारगृहांची संख्या वाढली, कोठे आणि केव्हा जेवायचे हे प्रवासी ठरवू लागले, त्यामुळे कोणाच्या हातात पाकीट द्यायचे हेच कळेनासे झाले. शिवाय भांडी धुणारे, चादरी धुणारे आणि रात्री जिने पुसणारे लोक प्रवाशाला दिसतच नसल्याने पाकीट त्यांच्यापर्यंत कधी पोहोचत नव्हते. म्हणून कंपन्यांनी माणशी ठरावीक रक्कम घेऊन ती कर्मचाऱ्यांत वाटण्याची पद्धत सुरू केली आणि हळूहळू बहुतेक अमेरिकी कंपन्यांनी ती स्वीकारली.

तुमचा आक्षेप तत्त्वतः खरा आहे. जी रक्कम जवळजवळ सर्वांकडून घ्यायची आहे ती भाड्यातच मिळवायला हवी, असे माझेही मत आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे 2019 पासून ही आकारणी बंद केली. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट यांसारख्या महागड्या कंपन्यांच्या भाड्यात तर ती पेयांसह समाविष्ट असते. अमेरिकी बाजारात मात्र छापील भाडे कमी दिसावे यासाठी कंपन्या ती वेगळी ठेवतात. कागदोपत्री ती ऐच्छिक असते, आणि बहुतेक जहाजांवर अतिथी कक्षात (प्रवाशांच्या मदत-कक्षात) जाऊन ती कमी करून घेता येते. सेवा खरोखरच वाईट मिळाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तक्रार करावी, म्हणजे ती सुधारण्याची संधी राहते. शेवटच्या दिवशी सगळीच रक्कम काढून घेतल्याने कंपनीला काहीच झळ पोहोचत नाही.

रक्कम आधी भरावी की जहाजावर, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. आधी भरल्यास मध्यंतरी दर वाढला तरी बहुतेक कंपन्या फरक मागत नाहीत, शिवाय जहाजावरचे अखेरचे बिल हलके होते. मी आधी भरण्याच्या बाजूचा आहे. सोबत मुले असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: कार्निव्हलसारख्या काही कंपन्या दोन वर्षांखालील बाळाला ही आकारणी लावत नाहीत, पण त्यापुढच्या मुलाला मोठ्या माणसाइतकीच लागते. एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा हिशेब येथे चालत नाही.

माझा पुतण्या एका विदेशी जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे. प्रवासी ग्रॅच्युइटी काढून टाकतात आणि त्याऐवजी दहा-वीस डॉलर हातावर ठेवतात, असे तो सांगतो. त्यात त्याचा फायदा होतो की तोटा? आणि आम्ही स्वतः क्रूझवर गेलो तर रोख द्यावे का? (मडगाव)

गोव्यातील वाचकाने हा प्रश्न विचारावा हे स्वाभाविक आहे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर भोजनकक्ष आणि मुदपाकखाना सांभाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकीय होते. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गावोगावचे कूड (गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने) होते आणि बोट मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे लोक, तेथे राहत असत. आजच्या क्रूझ जहाजांवरही गोव्याची माणसे मोठ्या संख्येने आहेत.

आता हिशेब पाहू. बहुतेक मोठी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात, त्यामुळे अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा त्यांवरच्या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही. त्यांना आधार मिळतो तो 2006 च्या सागरी श्रम कराराचा. तो ऑगस्ट 2013 मध्ये अमलात आला आणि त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. याचा दुसरा अर्थ असा की दिवसाला चौदा तासांपर्यंतचे काम नियमात बसते. कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे करार अनेक महिन्यांचे असतात आणि त्या काळात आठवड्याची सुटी नसते. वेटर आणि केबिन सांभाळणारे यांच्या कमाईत प्रवाशांकडून जमणाऱ्या या रकमेचा वाटा मोठा असतो. प्रवाशाला ती बक्षिशी वाटते, पण तुमच्या पुतण्याच्या दृष्टीने तो पगाराचाच भाग असतो.

म्हणून आकारणी काढून टाकणे आणि हातावर वीस डॉलर ठेवणे ही अदलाबदल बहुधा तोट्याचीच ठरते. सात रात्रींचे दोघांचे 259 डॉलर काढून घेणारा प्रवासी वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून तेवढेच रोख देईल, असे क्वचितच घडते; आणि पडद्यामागच्या लोकांना तर तो काहीच देत नाही. शिवाय काही कंपन्यांचा नियम असा आहे की ज्या प्रवाशाने आकारणी काढून घेतली, त्याच्याकडून मिळालेली रोख रक्कम कर्मचाऱ्याने सामायिक निधीत जमा करावी.

तुम्ही स्वतः गेलात तर आकारणी तशीच ठेवावी, आणि एखाद्याने खरोखर मनापासून सेवा केली असेल तर त्याला वर रोख द्यावे. हे वरचे पैसे त्याचेच राहतात. किती द्यावे याचा नियम नाही आणि नाही दिले तरी कोणी वाईट मानण्याचे कारण नाही. जहाजावरचे अधिकारी आणि स्वागतकक्षातले लोक यांना मात्र पैसे देण्याची पद्धत नाही. आणखी एक गोष्ट फुकट असूनही फार मोलाची आहे: प्रवासाच्या शेवटी येणाऱ्या अभिप्रायाच्या अर्जात त्या कर्मचाऱ्याचे नाव आवर्जून लिहावे. पुढचा करार आणि बढती यांच्या वेळी अशा नोंदी पाहिल्या जातात. तुमचा पुतण्याही याला दुजोरा देईल.

माझे यजमान रोज दोन-तीन बिअर घेतात, मी मद्य घेत नाही. मद्याचे पॅकेज केबिनमधल्या दोघांनीही घ्यावे लागते, असे एजंट म्हणतो. हे खरे आहे का? आणि ‘फुकट पेये’ अशी जाहिरात असलेली क्रूझ घ्यावी का? (ठाणे)

एजंट खरे सांगत आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांत एका प्रौढाने मद्याचे पॅकेज, म्हणजे दिवसाला ठरावीक रक्कम भरून पेये घेण्याची योजना, घेतले की त्याच केबिनमधल्या, मद्यपानाचे वय गाठलेल्या इतर प्रौढांनीही ते घ्यावे, असा नियम आहे. नाही तर एकाच्या पॅकेजवर दोघे पितील, अशी कंपनीला भीती असते. प्रकृतीच्या किंवा धर्माच्या कारणाने मद्य न घेणाऱ्या व्यक्तीला कधीकधी केवळ बिनमद्याच्या पेयांचे पॅकेज घेऊ देतात, पण ते संकेतस्थळावर होत नाही. कंपनीला फोन करावा लागतो आणि होकार मिळेलच असे नाही.

पण त्याआधी तुम्हाला पॅकेज हवे कशाला, हे पाहा. पॅकेजची किंमत जहाज आणि तारीख यांनुसार बदलते, म्हणून हिशेबापुरते ते दिवसाला 80 डॉलरचे आणि बिअर आठ डॉलरची धरू. रॉयल कॅरिबियनमध्ये दोन्हींवर 18 टक्के ग्रॅच्युइटी लागते, म्हणजे पॅकेज 94.40 डॉलरला आणि बिअर 9.44 डॉलरला पडते. पैसे वसूल व्हायचे तर एका माणसाने रोज दहा बिअर प्यायला हव्यात. दोघांचे पॅकेज घेतले आणि तुम्ही मद्याला हात लावला नाही, तर तुमच्या चहा-सरबताचा थोडाफार उपयोग सोडल्यास यजमानांना रोज वीस बिअर प्याव्या लागतील. सात दिवसांचे दोघांचे 1,321.60 डॉलर एका बाजूला आणि रोजच्या तीन सुट्या बिअरचे आठवड्याचे 198.24 डॉलर दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना आहे. त्यातही बंदराच्या दिवशी तुम्ही सकाळपासून दुपारपर्यंत जहाजावर नसताच, पण पॅकेजचे पैसे त्या दिवसाचेही लागतात. सातांपैकी सोयीचे तीन-चार दिवसच निवडता येत नाहीत.

पॅकेज अमर्याद असते हाही समज पुरता खरा नाही. कार्निव्हलमध्ये चोवीस तासांत मद्याची पंधरा पेये ही मर्यादा आहे. रॉयल कॅरिबियनमध्ये तशी संख्या नाही, पण 14 डॉलरपेक्षा महागडे पेय घेतले तर वरचा फरक द्यावा लागतो. पॅकेज कोणाला परवडते? दिवसभर कॉकटेल, कॉफी, बाटलीबंद पाणी आणि शीतपेये असे सगळेच घेणाऱ्या जोडप्याला, आणि तेही समुद्रातले दिवस जास्त असलेल्या सफरीत. घ्यायचेच असेल तर जहाजावर चढण्यापूर्वी घ्यावे, कारण आधीचा दर बहुधा कमी असतो आणि मध्येच सवलत निघाली तर जुने पॅकेज रद्द करून नवे घेता येते.

‘फुकट पेये’ या शब्दांखालची बारीक अक्षरे वाचावीत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या अशा योजनांत पेयांचे पैसे घेत नाहीत, पण पॅकेजच्या छापील किमतीवर 20 टक्के ग्रॅच्युइटी प्रवाशाकडून घेतात. छापील किंमत दिवसाला 100 डॉलर असेल तर हे ‘फुकट’ पॅकेज माणशी आठवड्याला 140 डॉलरला पडते, आणि रोजची ग्रॅच्युइटी वेगळी.

आईवडिलांना घेऊन सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जात आहोत. आमच्यात कोणीच मद्य घेत नाही. पाणी आणि चहाचेही पैसे लागतात का? घरून काय नेता येते? (नागपूर)

बुफेमधले यंत्रातले पाणी, साधा चहा, साधी कॉफी आणि सकाळच्या नाश्त्याबरोबरचा रस हे बहुतेक जहाजांवर भाड्यातच असते. पैसे लागतात ते डबाबंद शीतपेये, बाटलीबंद पाणी, कॅफेतली कापुचिनो आणि ताजा रस यांचे. केबिनमध्ये ठेवलेली पाण्याची बाटली शोभेची किंवा पाहुणचाराची समजून उघडू नये. तिची किंमत बिलात येते. रिकामी बाटली सोबत नेऊन बुफेत भरून घेणे सर्वांत सोपे. युरोपातल्या एमएससी आणि कोस्टा यांच्या जहाजांवर मात्र जेवणाच्या टेबलावरचे पाणीही बाटलीतले आणि पैशाचे असते, हे पुढे कधी भूमध्य समुद्राकडे जाल तेव्हा उपयोगी पडेल.

रॉयल कॅरिबियन पहिल्या दिवशी एका केबिनमागे बिनमद्याच्या पेयांचे बारा डबे नेऊ देते. कारखान्यात बंद केलेली चिवडा-खाकऱ्याची पाकिटे चालतात. घरी शिजवलेले अन्न चालत नाही. विजेची किटली तर नेऊच नये. आगीच्या भीतीने ती तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

बारमधल्या पावतीवर 18 टक्के लावूनही खाली टिपसाठी रिकामी रेघ असते. तेथे काय लिहावे? आणि जहाजावर पैसे भरायला कोणते कार्ड चांगले? (नाशिक)

रेघेवर काहीही न लिहिता एकूण रक्कम तपासून सही करावी. अठरा टक्के ही त्या पेयावरची टिपच आहे. रिकामी जागा त्याहून अधिक देऊ इच्छिणाऱ्यांसाठी असते. घाईत तेथे आणखी 15-20 टक्के लिहिणारे पुष्कळ असतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. स्पा आणि जादा पैशांची उपाहारगृहे यांच्या बिलांतही अशी टक्केवारी आधीच मिळवलेली असते. जहाज बंदरात उभे असताना काही ठिकाणी पेयांवर स्थानिक करही लागतो, गॅल्व्हस्टनला टेक्सासचा विक्रीकर लागतो तसा. त्यामुळे पहिल्या संध्याकाळचे बिल मधल्या दिवसांपेक्षा जड दिसले तर लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये.

जहाजावर रोकड चालत नाही; सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि शेवटी तुमच्या बँकेच्या कार्डातून वळता होतो. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्यावे. डेबिट कार्ड दिल्यास कंपनी रोज काही रक्कम अडवून ठेवते आणि तुमच्याच खात्यातले पैसे प्रवास संपल्यावरही काही दिवस मोकळे होत नाहीत. भारतीय कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चासाठी साधारण 2 ते 3.5 टक्के अधिभार आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी लागतो, तेव्हा कमी अधिभाराचे कार्ड जाण्यापूर्वीच निवडावे. बिल रोज अॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर पाहता येते. न घेतलेले पेय किंवा दोनदा लागलेली टिप दिसली तर त्याच दिवशी अतिथी कक्षात सांगावे. उतरण्याच्या सकाळी तेथे लांबलचक रांग असते आणि घरी परतल्यावर ईमेलने तक्रार करून दहा डॉलर परत मिळवणे हे वेळखाऊ काम आहे.