पातळ पेज, जाड खिमट आणि भेट आलेला डबा: बालआरोग्य प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यात वजन 7.1 किलो होतं, आता 7.3. दिवसातून तीन वेळा वरणाचं पाणी, भाताची पेज आणि फळांचा रस देते. वाटी संपवते, तरी वजन का वाढत नाही? पावडर सुरू करू का? (चिपळूण)

मुलगी कमी वजनाची नाही. त्या वयाच्या मुलींचं मधलं वजन 7.9 किलोच्या आसपास असतं आणि 7.3 हे सामान्य मर्यादेतच येतं. मात्र दोन महिन्यांत फक्त 200 ग्रॅम वाढ म्हणजे आलेखाची रेष आडवी पडू लागली आहे, आणि त्याचं कारण तुमच्या वाटीतच दिसतं.

या वयात पोटाची क्षमता दर किलोमागे साधारण 30 मिली धरतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात एका वेळी जेमतेम 200 मिली मावतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय रोज सुमारे 200 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. नऊ महिन्यांनंतर 300. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळीचा अंश नावालाच असतो, कारण डाळ तळाशी राहते आणि ती घरातले मोठे खातात. पोट पाण्यानं भरतं आणि वर अंगावरचं दूधही कमी प्यायलं जातं.

पावडरीऐवजी खिमट करा. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून रवाळ दळून ठेवा. एका वेळेसाठी 20 ग्रॅम पीठ (दोन मोठे चमचे) दीडशे मिली पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवा आणि उतरवल्यावर एक छोटा चमचा तूप घाला. पिठाच्या 70 आणि तुपाच्या 45 मिळून सव्वाशेला थोड्या कमी कॅलरी झाल्या. दिवसातून दोन-तीन वेळा दिलं की हिशेब जमतो. चमचा तिरका केला तर खिमट त्यावर थबकलं पाहिजे; धार लागली तर ते पातळ आहे. बाळाला तूप बाधतं ही भीती अजूनही बऱ्याच घरांत आहे. एवढ्याशा पोटात जास्त शक्ती मावायची तर तूप किंवा तेलच हवं.

जाड खिमट गिळायला नको वाटत असेल तर पाणी वाढवू नका. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत सुकवा, मोड चोळून काढा आणि दळा. हे पीठ खरपूस भाजू नये. मोड आलेल्या धान्यात पिष्टमय भाग तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, आणि ते जास्त उष्णतेनं मरतं. खिमट खाली उतरवून किंचित निवू द्या, त्यात अर्धा छोटा चमचा हे पीठ ढवळा, दोन-तीन मिनिटांत खिमट सैल होतं. मग पुन्हा एक उकळी द्या, म्हणजे जंतूंची भीती नाही. आपल्याकडचं पारंपरिक नाचणी सत्त्व मात्र फडक्यातून गाळलेलं असतं. कॅल्शियमचा मोठा भाग टरफलात असतो आणि तो गाळणीतच राहतो. आठ महिन्यांच्या बाळाला बारीक चाळलेलं पीठ जास्त उपयोगी.

जन्मतः साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं. नीट उकडलेलं अंडं, मांसाहार चालत असेल तर बारीक केलेलं मटण किंवा मासे आताच सुरू करा. डाळीच्या खिमटावर लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह जास्त शोषलं जातं. आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायचं असतं. ते दुधासोबत देऊ नका. चहात बुडवलेलं बिस्कीट बंद. फळाचा रस बंद करून फळ कुस्करून द्या. मीठ-साखर आणि मध पहिला वाढदिवस होईपर्यंत नको.

प्रश्न : अंगणवाडीत दंडाची पट्टी लावली. नात 'लाल'मध्ये आली म्हणून दवाखान्यात न्या म्हणतात. आमच्या घरात सगळेच काटक. (मोखाडा)

काटकपणा वेगळा आणि ही पट्टी वेगळी. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. मोजताना चुका होतात. डावा हात सैल सोडलेला हवा, बाही काढलेली हवी, खांद्याचं टोक आणि कोपर यांचा मध्य गाठलेला हवा, पट्टी रुतू नये. शंका असेल तर तिथंच दुसऱ्यांदा मोजायला सांगा. घरीही दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून बघा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी काहीही सांगो, त्याच दिवशी न्या.

मूल आजारी नसेल आणि भूक चांगली असेल तर गावच्या बाल विकास केंद्रातच उपचार होतात. भूक नसेल, ताप, जुलाब किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं. बुडीत मजुरीची सोय असते, ती तिथं आवर्जून विचारा. तोवर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपाशी शरीरावर अचानक मोठा मारा झाला तर रक्तातले क्षार बिघडून हृदयावर येतं. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही.

प्रश्न : सिझेरियननंतर चौथ्या दिवशी घरी सोडताना 'दूध पुरत नाही' म्हणून पावडरीचा डबा भेट दिला. बाळाचं वजन 3 किलोवरून 2.78 झालं होतं. हे बरोबर आहे का? (डोंबिवली)

220 ग्रॅम म्हणजे सव्वासात टक्के घट. पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, आणि सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीरही लागतो. डबा देण्याआधी बाळ स्तन नीट तोंडात धरतं का, हे कुणीतरी शेजारी बसून बघायला हवं होतं. रक्तातली साखर कमी, कावीळ किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असं काही कारण होतं का, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तसं असेल तर वरचं दूध गैर नाही.

पण फुकट डबा गैर आहे. 1992चा शिशुदुग्ध पर्याय कायदा, त्यातली 2003ची दुरुस्ती धरून, अशा दुधाची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी यांना मनाई करतो. दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहारालाही तो लागू आहे. गोंडस बाळाचं चित्र डब्यावर नसतं, ते याच कायद्यामुळे. तक्रार ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडियाकडे करता येते; डब्याचा फोटो आणि तारीख जपून ठेवा.

आता वरचं दूध एकदम तोडू नका. आधी अंगावर पाजा, मग गरजेपुरतं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या, बाटलीनं नाही. आठवड्यातून दोनदा वजन करा. रोज 25-30 ग्रॅमनं वाढतंय आणि चोवीस तासांत सहा वेळा शू होतेय, तर वरचं दूध कमी करत जा. डबा पुरवून वापरण्यासाठी पाणी जास्त घालू नका. रक्तातलं सोडियम घसरून बाळाला झटके येतात.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीला तपासताना डॉक्टरांनी मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. हे चालतं का? (पुणे)

बोलण्यासाठी चालतं, आणि चांगल्या बालरोगतज्ज्ञाची ती रीतच आहे. पाळी, जेवण टाळणं, शाळेतला त्रास या गोष्टी आईसमोर निघत नाहीत. अंग तपासताना मात्र तुम्ही किंवा नर्स खोलीत हवी, आणि कोण हवं हे मुलीनं ठरवावं. उपचारांची संमती अठरापर्यंत पालकांचीच. मुलगी जे सांगेल ते डॉक्टर एरवी स्वतःकडे ठेवतील, पण जिवाला धोका असेल तर तुम्हाला सांगतील. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ही मर्यादा त्यांनी बोलणं सुरू होण्याआधीच मुलीला सांगायला हवी. पुढच्या वेळी सांगितली का, एवढंच तिला विचारा. आत काय बोलणं झालं, ते नको.