दहा किलोची पिशवी धरून स्थिर उभं राहिलं तर कार्य शून्य म्हणतात, मग हाताला रग का लागते? ती ऊर्जा जाते कुठे?

कार्य शून्यच असतं, पुस्तक बरोबर आहे. आणि ऊर्जा खर्च होते, तुमचा हातही बरोबर आहे. ती उष्णतेच्या रूपात जाते. पिशवी त्याने कणभरही तापत नाही, तापतो तुमचा दंड.

बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर 'विज्ञानातलं कार्य वेगळं आणि बोलण्यातलं काम वेगळं' असं सांगून हात झटकले जातात. मला ते उत्तर कधीच पटलेलं नाही. रग लागणं हा काही बोलण्यातला घोळ नाही. श्वास वाढतो, घाम येतो, शरीरातलं इंधन खरोखर जळतं. म्हणजे कुठेतरी काहीतरी घडतंय, आणि ते काय हे सांगायला हवं.

आधी पिशवीच्या बाजूने बघू. १० किलोच्या पिशवीला गुरुत्वाकर्षण साधारण ९८ न्यूटन बलाने खाली ओढतं, तुम्ही तेवढंच बल वर लावता. ती एक मीटर उचललीत तर पिशवीला ९८ ज्यूल ऊर्जा मिळाली. त्यानंतर दहा मिनिटं तशीच धरून ठेवलीत, तर त्या दहा मिनिटांत तिला काहीच मिळालं नाही. उंची तीच, वेग शून्यच. ही दहा मिनिटं ती टेबलावर होती की कुणाच्या हातात, हे नुसत्या पिशवीकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही. कार्य म्हणजे हातातून पिशवीकडे किती ऊर्जा गेली याचा हिशोब. त्या हिशोबात तुमच्या अंगात काय जळलं याची नोंदच नसते.

टेबलाचंच बघा ना. पिशवी ठेवली की टेबलाचा पृष्ठभाग किंचित दबतो आणि तिथेच थांबतो. पुढे वर्षभर ते ९८ न्यूटन बल लावत राहील आणि इंधन शून्य लागेल. नुसतं बल लावायला ऊर्जा लागत नाही, ही गोष्ट शाळेत जितक्या ठळकपणे सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही असं माझं मत आहे. ऊर्जा लागते ती बलाच्या दिशेने काही सरकवायला.

मग टेबलाला फुकट जमतं ते स्नायूला का जमत नाही? कारण स्नायूची रचनाच धरून ठेवण्यासाठी नाही, ओढण्यासाठी आहे. स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकवलेले असतात. मायोसिनच्या धाग्याला बारीक डोकी असतात. प्रत्येक डोकं ॲक्टिनला पकडतं, पाच-दहा नॅनोमीटर ओढतं, सोडतं आणि पुन्हा पकडतं. अशा प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशी ज्यावर चालतात त्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. तुम्ही पिशवी निश्चल धरलेली असते तेव्हाही ही पकड-सोड चालूच असते. काही डोकी सुटतात, तेवढ्यात दुसरी पकडतात आणि एकूण ताण तेवढाच राहतो. त्यात मज्जातंतूकडून येणारा एक संदेश तंतूला जेमतेम सेकंदाचा काही भाग आवळून धरतो. म्हणून संदेश सारखे येत राहावे लागतात, आणि ही पकड सुरू करण्यासाठी प्रत्येक संदेशाला बाहेर सोडलेलं कॅल्शियम परत आत भरायलाही एटीपी लागतंच.

म्हणजे कार्य होतंच, पण सूक्ष्म पातळीवर. डोकं ओढतं तेव्हा शेजारचे धागे केसभर ताणले जातात, ते सुटलं की तो ताण ढिला पडतो आणि त्यातली ऊर्जा उष्णता होऊन जाते. यातलं काहीच पिशवीपर्यंत पोचत नाही. बऱ्याच वेळाने हात थरथरायला लागतो ना, तेव्हा ही आतली धावपळ बाहेरून दिसायला लागते.

विद्युतचुंबकाचं उदाहरण इथे चपखल बसतं. तांब्याच्या वेटोळ्यांत वीज सोडून लोखंडाचा तुकडा अधांतरी धरून ठेवला, तर लोखंडावर कार्य शून्य, तरी वीज खर्च होत राहते आणि ती सगळी तांबं तापवण्यात जाते. तोच तुकडा कायमच्या चुंबकाने धरला तर खर्च काहीच नाही. बल तेवढंच, फरक ते निर्माण करण्याच्या रीतीत.

शरीरालाही फुकट धरून ठेवणं अगदीच अशक्य नाही, आणि या विषयातला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. मायोसिनला ॲक्टिनपासून सुटण्यासाठी एटीपी लागतं. मृत्यूनंतर एटीपी संपलं की डोकी अडकलेलीच राहतात, म्हणून काही तासांत शरीर ताठ होतं. ती पकड घट्ट असते आणि तिला इंधन लागत नाही. जिवंतपणी हीच किमया शिंपल्यातला प्राणी करतो. त्याचे शिंपले मिटून धरणारे स्नायू एकदा आवळले की फारच थोड्या ऊर्जेत तासन् तास तसेच राहतात. घोडा उभ्याने डुलकी घेतो तो मात्र हाडांच्या जोरावर. मागच्या पायातली गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवली की पाय आपोआप सरळ राहतो. आपल्या दंडात अशी सोय नाही.

हे सगळं मोजलेलंही आहे. आर्चिबाल्ड हिल या शास्त्रज्ञाने बेडकाच्या स्नायूत निर्माण होणारी उष्णता मोजली, अंशाच्या हजाराव्या भागाइतकी तापमानवाढ टिपणारी उपकरणं वापरून. त्यासाठी त्याला १९२२ चं नोबेल मिळालं, ओटो मायरहॉफसोबत. स्नायूची दोन्ही टोकं बांधून ठेवली, म्हणजे तो आखडूच शकत नाही, तरी उत्तेजित केल्यावर तो उष्णता सोडतो. तुमच्या पिशवीचाच हा प्रयोग. पुढे १९२३ मध्ये वॉलेस फेनने दाखवलं की त्याच स्नायूला वजन उचलू दिलं तर तो एकूण ऊर्जा आणखी जास्त सोडतो. म्हणजे धरून ठेवणं फुकट नसलं तरी उचलण्यापेक्षा स्वस्त आहे.

वजन हळूहळू खाली उतरवणं तर त्याहून स्वस्त. १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने त्याला विरोध करायचा. दोघांचं बल सारखंच, वेगही सारखा. पण पेडल मारणारा दमून जायचा आणि विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागायचा. डोंगर उतरताना दम कमी लागतो तो याच कारणाने. दुसऱ्या दिवशी मांड्या मात्र उतरल्यामुळेच जास्त दुखतात, पण ती वेगळी गोष्ट.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर, पिशवी एकदा एक मीटर उचलण्याचे ९८ ज्यूल पाव लिटर पाण्यात घातले तर ते पाणी अंशाच्या दहाव्या भागाइतकंही तापणार नाही. स्नायूची कार्यक्षमता २०-२५ टक्के धरली तर शरीर त्यासाठी ४००-५०० ज्यूल जाळतं. एक ग्रॅम ग्लुकोजमधून साधारण १६,००० ज्यूल मिळतात, म्हणजे तेवढ्यात तीसेक वेळा उचलून होईल. तेव्हा पिशवी धरून वजन कमी करायचा विचार असेल तर सोडून द्या.

रग कमी करायची असेल तर कोपर वाकवून पिशवी धरू नका. पिशवी कोपरापासून ३५ सेंटीमीटरवर असते आणि दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर जोडलेला असतो, त्यामुळे ९८ न्यूटन तोलायला त्याला सात-आठपट, म्हणजे ७०० न्यूटनहून जास्त जोर लावावा लागतो. हात सरळ खाली सोडला की बराचसा भार हाडांवर आणि अस्थिबंधांवर जातो, जे टेबलासारखेच फुकट काम करतात. मग मुख्यतः बोटं दमतात. पिशवीला पट्टा असेल तर ती खांद्याला अडकवा, बोटांचाही प्रश्न मिटला.